संगणकातील दप्तराचे स्थलांतर

शासकीय कचेरीच्या अभिलेख कक्षात दप्तराचे रुमाल कोणत्या दक्षतेने ठेवावे लागतात, हे प्रशासनाशी संबंध आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. कक्षाच्या छपराची दुरुस्ती करावयाची असेल, तर प्रथम रुमाल अन्यत्र हलवावेत आणि मगच गवंड्यास बोलवावे, हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. इमारत पुन्हा उभारता येते. दप्तर पुन्हा लिहिता येत नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक पुष्कळदा विसरला जातो. ग्रामपंचायतीच्या अथवा शाळेच्या कार्यालयात बहुधा एकच संगणक असतो. ग्रामसभेच्या ठरावांचे मसुदे, करवसुलीच्या नोटिसा, नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीची तक्ते, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, बांधकामांची छायाचित्रे असे सर्व काही त्यात साठत जाते. हे साहित्य ज्या जागी आपोआप साठते, ती जागा म्हणजे संगणकाचा ‘सी’ ड्राइव्ह होय. संगणक चालविणारी मूळ प्रणालीही त्याच जागी नांदते. प्रणाली बिघडली, की तंत्रज्ञ येतो, ‘सी’ ड्राइव्ह पुसून काढतो आणि प्रणाली नव्याने बसवितो. संगणक पूर्ववत चालू लागतो. परंतु कित्येक वर्षांचे दप्तर नाहीसे झालेले असते. येथे दुरुस्ती छपराची होती आणि रुमाल त्याच छपराखाली राहून गेले होते.

हा प्रश्न आज विशेष निकडीचा आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक कार्यालयांतील संगणकांवर नवी प्रणाली बसविणे किंवा संगणकच बदलणे क्रमप्राप्त झाले आहे. अशा वेळी संगणकातील वैयक्तिक फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कसे हलवावेत आणि हलविताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रत्येक कार्यालयात किमान दोन व्यक्तींना असणे अगत्याचे आहे.

कायद्याची अपेक्षा

ई-ग्रामस्वराज, सरल, यू-डायस यांसारख्या व्यवस्थांमध्ये भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर राहते, म्हणून गावातील संगणक बिघडला तरी चिंतेचे कारण नाही, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. त्या व्यवस्थांमध्ये अंतिम नोंदी जातात. नोंदींना आधारभूत असलेली पत्रे, मसुदे, अंदाजपत्रकांची टिपणे आणि याद्या मात्र बहुतांशी कार्यालयाच्या संगणकातच राहतात. एखाद्या लाभार्थ्याचे नाव यादीतून का वगळले गेले, याचे उत्तर अंतिम नोंदीत सापडत नाही. ते या आधारभूत कागदांत सापडते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित स्वरूपात ठेवावेत, असे कर्तव्य घालून दिले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७ अन्वये, कायद्याने जतन करावयाचा दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतो. मात्र तो पुढे संदर्भासाठी उपलब्ध राहील अशा रीतीने ठेवला पाहिजे. तात्पर्य, कागद संगणकात गेला म्हणून त्याच्या जतनाची जबाबदारी हलकी होत नाही.

ड्राइव्ह म्हणजे काय?

संगणकातील साठवणीच्या जागेचे जे स्वतंत्र विभाग असतात, त्यांना ड्राइव्ह म्हणतात आणि त्यांची ओळख रोमन लिपीतील एकेका अक्षराने होते. आरंभीच्या वैयक्तिक संगणकांत ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपी तबकडीसाठी राखून ठेवलेली होती. १९८३ साली आयबीएम कंपनीने ‘पीसी एक्सटी’ हा संगणक १० मेगाबाइट क्षमतेच्या हार्ड डिस्कसह बाजारात आणला. हार्ड डिस्कला ‘सी’ हे अक्षर देण्याचा प्रघात त्याच काळात रूढ झाला. फ्लॉपी कालबाह्य झाली, तरी अक्षरांचा तो क्रम आजही टिकून आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घेतला पाहिजे. ‘सी’ आणि ‘डी’ अशी दोन अक्षरे दिसली, म्हणजे संगणकात दोन डिस्क आहेतच असे नव्हे. पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात. एकाच खोलीत मध्ये फळ्यांची भिंत घालावी, तसा हा प्रकार होय. अशा संगणकात ‘सी’ भाग पुसला गेला, तरी ‘डी’ भाग सुरक्षित राहतो. परंतु मूळ डिस्कच निकामी झाली, तर दोन्ही भाग एकाच वेळी जातात. आपल्या संगणकात कोणती स्थिती आहे, हे पाहण्यासाठी ‘स्टार्ट’ चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या व ‘डी’ दुसऱ्या ओळीत असला, तर डिस्क दोन आहेत. ‘सी’ व ‘डी’ एकाच ओळीत असल्यास ती एकाच डिस्कची वाटणी समजावी.

वैयक्तिक फोल्डरांचे मूळ ठिकाण

विंडोज प्रणाली प्रत्येक वापरकर्त्यासाठी काही फोल्डर स्वतःच तयार करते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज हे त्यांतील प्रमुख होत. हे सर्व ‘सी’ ड्राइव्हवरील ‘यूजर्स’ नावाच्या फोल्डरात, त्या त्या वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. डेस्कटॉपवर, म्हणजे समोर दिसणाऱ्या पडद्यावर ठेवलेली फाइल कोणत्याही ड्राइव्हमध्ये नसते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः डेस्कटॉप हाही ‘सी’ ड्राइव्हवरील एक फोल्डरच होय. प्रणाली नव्याने बसविताना सर्वाधिक हानी होते ती याच फोल्डराची. कारण घाईची सर्व कामे तेथेच ठेवण्याची सवय पडलेली असते.

दुसरी गोष्ट अशी, की हे फोल्डर कार्यालयाच्या नव्हे, तर व्यक्तीच्या नावाने असतात. संगणक परिचालकाच्या नावाने प्रवेश करून तयार केलेला ठराव त्या परिचालकाच्या ‘वैयक्तिक’ फोल्डरात जातो. परिचालक बदलला आणि त्याचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक नसला, की सार्वजनिक दप्तर खासगी कुलपाआड अडकून पडते. म्हणून स्थलांतराच्या निमित्ताने कार्यालयीन कागद आणि खासगी कागद यांची फारकत करणे श्रेयस्कर ठरते. एका संगणकावर अनेक वापरकर्ते असतील, तर प्रत्येकाचे फोल्डर वेगळे असतात आणि ते स्वतंत्रपणे हलवावे लागतात, हेही विसरू नये.

स्थलांतरापूर्वीची तयारी

एकाच ड्राइव्हमध्ये फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात नेली, तर संगणक केवळ सूचीतील नोंद बदलतो. त्यामुळे मोठी फाइलही क्षणात हललेली दिसते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना मात्र मजकूर प्रत्यक्ष वाहून न्यावा लागतो. प्रथम नव्या ठिकाणी फाइलची प्रत लिहिली जाते आणि नंतर जुनी नष्ट केली जाते. हे काम चालू असताना वीज गेली, तर काही फाइली येथे, काही तेथे, आणि एखादी अर्धवट अशी अवस्था होऊ शकते. ज्या गावी भारनियमनाची वेळ ठरलेली आहे, तेथे ती वेळ टाळूनच हे काम हाती घ्यावे. लॅपटॉप असल्यास तो चार्जरला जोडलेला असावा.

स्थलांतरास हात घालण्यापूर्वी सर्व फोल्डरांची एक पूर्ण प्रत बाहेरील हार्ड डिस्कवर करून घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवावी. ही पायरी कोणत्याही सबबीवर गाळू नये. त्यानंतर प्रत्येक फोल्डरावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि त्यात दिसणारी फाइलींची संख्या व एकूण आकार कागदावर टिपून ठेवावा. कार्यभार सोपविताना जशी नगावर नग मोजून यादी केली जाते, तशीच ही यादी होय. नव्या ड्राइव्हवर त्या आकारापेक्षा पुरेशी अधिक मोकळी जागा आहे, याचीही खात्री करावी.

नवा ड्राइव्ह संगणकात कायम बसविलेला आणि ‘एनटीएफएस’ या पद्धतीने मांडलेला असावा. पेन ड्राइव्ह हे डॉक्युमेंट्स फोल्डराचे कायमचे ठिकाण कधीही करू नये. तो काढून घेतला, की फोल्डरच नाहीसा होतो. शिवाय अनेक पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीचे असतात. त्यांवर ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही आणि कोणी काय उघडावे याचे निर्बंधही राहत नाहीत. संगणकात ‘बिटलॉकर’ ही कुलूपबंदी चालू असेल, तर प्रत्येक ड्राइव्हची ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. ती हरवल्यास नवी प्रणाली बसविल्यानंतर सुरक्षित राहिलेला ‘डी’ ड्राइव्हही उघडता न येण्याचा धोका असतो.

स्थलांतराची रीत

फोल्डर माउसने ओढून दुसरीकडे टाकणे ही योग्य रीत नव्हे. दुसऱ्या ड्राइव्हवर ओढल्यास विंडोज सामान्यतः फोल्डर हलवीत नाही, तर त्याची प्रत काढते. परिणामी, एकाच नोंदवहीच्या दोन प्रती दोन ठिकाणी राहतात, आज एकीत दुरुस्ती होते, उद्या दुसरीत, आणि खरी कोणती हे महिन्याभराने कोणासच सांगता येत नाही. विंडोजमध्ये या कामासाठी स्वतंत्र सोय आहे, तिचाच उपयोग करावा.

प्रथम सर्व चालू कार्यक्रम बंद करावेत. कारण उघडी असलेली फाइल हलत नाही. मग ‘डी’ ड्राइव्हवर कार्यालयाच्या नावाने एक फोल्डर करावा आणि त्याच्या आत डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स असे स्वतंत्र उपफोल्डर करावेत. त्यानंतर मूळ डॉक्युमेंट्स फोल्डरावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडावे. तेथे ‘लोकेशन’ हा विभाग दिसतो व त्यात सध्याचे ठिकाण लिहिलेले असते. ‘मूव्ह’ हे बटण दाबून ‘डी’ ड्राइव्हवरील नवा डॉक्युमेंट्स फोल्डर निवडावा आणि ‘अप्लाय’ करावे. जुन्या ठिकाणच्या सर्व फाइली नव्या ठिकाणी हलवावयाच्या काय, असा प्रश्न संगणक विचारतो. त्यास होकार द्यावा. काम पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नये. हीच रीत क्रमाक्रमाने इतर फोल्डरांसाठी वापरावी.

एवढे झाल्यावर कागदावर टिपलेली संख्या व आकार नव्या फोल्डराशी ताडून पाहावा. तुलना करताना ‘साइझ’ हा आकडा घ्यावा. ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा ड्राइव्हच्या मांडणीनुसार बदलू शकतो. निरनिराळ्या वर्षांच्या दहा-वीस फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. संख्या जुळली आणि फाइली उघडल्या, तरच स्थलांतर पुरे झाले असे समजावे.

टाळावयाच्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे उपफोल्डर न करता थेट ‘डी’ ड्राइव्हच नवे ठिकाण म्हणून निवडणे. असे केल्यास संगणक संपूर्ण ‘डी’ ड्राइव्हलाच डॉक्युमेंट्स समजू लागतो आणि ही चूक निस्तरणे त्रासाचे होते. दुसरी चूक म्हणजे दोन फोल्डरांना एकच नवे ठिकाण देणे. मग डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एकमेकांत मिसळतात व त्यांना वेगळे करणे हाताने निवडण्याचे काम होऊन बसते. तिसरी चूक सर्वांत घातक आहे. जागा वाचविण्याच्या हेतूने ‘विंडोज’, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ किंवा संपूर्ण ‘यूजर्स’ फोल्डर हलविण्याचा प्रयत्न काही जण करतात. हे फोल्डर प्रणालीचे आहेत, दप्तराचे नव्हेत. त्यांना हात लावल्यास संगणक सुरू होणेच थांबू शकते.

हिशेबाच्या किंवा वेतनाच्या स्वतंत्र कार्यक्रमांविषयीही सावधगिरी बाळगावी. असे कार्यक्रम आपली माहिती अनेकदा स्वतःच्या वेगळ्या जागी ठेवतात. डॉक्युमेंट्स हलविल्याने ती हलत नाही. तिचे ठिकाण त्या त्या कार्यक्रमातूनच बदलावे लागते.

वनड्राइव्हची गुंतागुंत

अलीकडच्या अनेक संगणकांत डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या ‘वनड्राइव्ह’ या दूरस्थ साठवणीशी जोडलेले आढळतात. ‘लोकेशन’मध्ये वनड्राइव्हचे नाव दिसले, तर प्रथम वनड्राइव्हच्या ‘सेटिंग्ज’मधून त्या फोल्डरांचा बॅकअप थांबवावा आणि मगच स्थलांतर करावे. थांबविल्यानंतर काही फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असू शकतात. त्या शोधून घ्याव्यात. मोफत खात्यात केवळ ५ गिगाबाइट जागा मिळते, ही मर्यादाही ध्यानात असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जोडलेल्या फोल्डरातून फाइल येथे पुसली, की ती तिकडेही पुसली जाते. तसेच कार्यालयाचे कागद एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यात जाऊन बसणे प्रशासनाच्या दृष्टीने इष्ट नव्हे.

नवीन घरातील अडचणी

जागा बदलली, की जुने पत्ते निरुपयोगी होतात. गुणपत्रिका किंवा नोटिसा छापण्यासाठी एका फाइलीतील नावे दुसऱ्या फाइलीत आपोआप घेण्याची सोय, म्हणजे मेल मर्ज, केलेली असल्यास तिच्यात जुन्या ठिकाणाची नोंद असते. स्थलांतरानंतर ती नावे सापडत नाहीत. फाइल हरवली असे समजून घाबरून न जाता तिला नवे ठिकाण दाखवावे. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात आकडे घेणारी जोडणीही याच रीतीने तपासून घ्यावी.

मराठी दप्तराच्या दोन अडचणी स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत. युनिकोड पद्धत रुळण्यापूर्वी टंकलिखित केलेला मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून असतो आणि ते फाँट ‘सी’ ड्राइव्हवरील ‘विंडोज’ फोल्डरात राहतात. दप्तर ‘डी’वर सुखरूप असले, तरी प्रणाली नव्याने बसविताना फाँट गेले, तर जुने ठराव निरर्थक चिन्हांच्या रांगा म्हणून उघडतात. म्हणून वापरातील फाँटांची प्रत दप्तरासोबत ठेवावी आणि सवड काढून जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

दुसरी अडचण नावांच्या लांबीची आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतच्या संपूर्ण पत्त्याची लांबी सामान्यतः २६० वर्णांपर्यंत मर्यादित असते. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त चिन्ह हे प्रत्येकी स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द वाचताना सहा अक्षरांचा वाटतो; संगणक मात्र त्याचे ११ वर्ण मोजतो. फोल्डरात फोल्डर घालत गेल्यास ही मर्यादा लवकर गाठली जाते आणि मग फाइल हलत नाही. नावे आटोपशीर असावीत आणि त्यांत वर्ष अवश्य असावे.

स्थलांतर म्हणजे राखीव प्रत नव्हे

या सर्व प्रयत्नांनंतर एक समाधान निर्माण होण्याचा संभव असतो, की दप्तर ‘डी’वर गेले, आता भय उरले नाही. हे समाधान फसवे आहे. स्थलांतराने दप्तर प्रणालीच्या बिघाडापासून वाचते. डिस्क निकामी होणे, चोरी, आग, पूर, विषाणूचा प्रादुर्भाव किंवा नकळत पुसले जाणे यांपासून ते वाचत नाही. स्थलांतरापूर्वी दप्तराची जेवढी प्रत होती, तेवढीच नंतरही असते. तिची फक्त जागा बदललेली असते.

त्यासाठी जगभर मान्य असलेला एक सोपा नियम आहे. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक अन्य इमारतीत असावी. ग्रामपंचायतीच्या बाबतीत पहिली प्रत संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हवर, दुसरी कार्यालयाच्या कपाटातील बाहेरील हार्ड डिस्कवर आणि तिसरी अधिकृत दूरस्थ साठवणीत किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात ठेवता येईल. शाळेच्या बाबतीत तिसरी प्रत केंद्रशाळेत ठेवण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांना करता येईल. कपाटातील डिस्क प्रत काढण्यापुरतीच संगणकास जोडावी. कायम जोडून ठेवल्यास संगणकातील विषाणू तिलाही ग्रासू शकतो. प्रत घेण्याचा वार ठरवून द्यावा आणि घेतल्याची नोंद वहीत सहीनिशी करावी.

सहा गठ्ठा पद्धतीने काम करणाऱ्या कार्यालयांना या शिस्तीत नवीन असे फारसे काही आढळणार नाही. कोणता कागद चालू आहे, कोणता अभिलेख कक्षात जावयाचा आहे आणि कोणता नष्ट करावयाचा आहे, हा विचार त्या पद्धतीने पूर्वीच शिकविला आहे. तोच विचार फोल्डरांच्या मांडणीत उतरविला, की संगणकातील दप्तरही हाताशी येते. तंत्रज्ञ दुरुस्तीस आला असता, दप्तर कोठे आहे आणि कोणत्या ड्राइव्हला हात लावावयाचा नाही, हे त्यास लेखी सांगण्याइतकी माहिती कार्यालय प्रमुखास असली पाहिजे. नवी प्रणाली बसविल्यावर ‘लोकेशन’मध्ये ‘डी’वरील तेच फोल्डर पुन्हा निवडून द्यावे लागतात, हेही त्याच टिपणात नमूद असावे.

यंत्रे जुनी होतील, प्रणाली बदलतील. वीस वर्षांनंतर एखादा ग्रामस्थ आपल्या घराच्या आकारणीचा उतारा मागावयास येईल, किंवा एखादी माजी विद्यार्थिनी आपला दाखला मागेल. त्या वेळी तो कागद तिच्या हाती पडावा, यासाठी आज एका दुपारचे काम आणि महिन्यातून एकदा थोडा वेळ, एवढेच द्यावे लागणार आहे.